वाचकांचे प्रश्न : लिस्पमधील फंक्शनची चौकशी कोठे आणि कशी करावी

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतील फंक्शनची माहिती मिळवण्याविषयी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. सदराच्या रिवाजाप्रमाणे आज्ञांची नावे देवनागरीत छापली आहेत. संगणकावर टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यावीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पायथनमध्ये ‘हेल्प’ म्हटले की माहिती समोर येते. आता कॉमन लिस्प शिकतो आहे आणि त्यासाठी एसबीसीएल ही ती भाषा चालवणारी प्रणाली वापरतो. कोणत्या फंक्शनला आधी काय द्यायचे तेच लक्षात राहत नाही. ‘गेटहॅश’ला आधी किल्ली, ‘एन्थ’ला आधी क्रमांक, पण ‘एल्ट’ला मात्र आधी यादी! दर वेळी ब्राउझर उघडावा लागतो. यावर काही उपाय आहे का?
— एक विद्यार्थी, सांगली

उत्तर : आर्ग्युमेंटांच्या, म्हणजे फंक्शनला द्यायच्या मूल्यांच्या, क्रमात तर्क शोधण्याच्या फंदात पडू नका. वेगवेगळ्या लिस्प बोलींतून आलेली नावे १९८० च्या दशकात एका भाषेत गोळा केली गेली आणि प्रत्येक नावाने आपापली जुनी सवय सोबत आणली. उपाय मात्र आहे, आणि तो तुमच्यासमोर उघड्या असलेल्या रेपलमध्येच, म्हणजे ओळ टंकताच उत्तर देणाऱ्या खिडकीतच, आहे.

लिस्पमध्ये तुम्ही एखादे फंक्शन लिहून कंपाइल केले, म्हणजे यंत्रभाषेत आणले, की ते चालू प्रक्रियेच्या स्मृतीत एक वस्तू म्हणून राहते आणि तिच्यासोबत तिचे नाव, आर्ग्युमेंटांची यादी, लेखकाने लिहिलेला खुलासा आणि बहुधा मूळ फाइलचा पत्ताही जपला जातो. भाषेसोबत आलेली शेकडो फंक्शने याच स्मृतीत त्याच पद्धतीने बसलेली असतात. म्हणून ‘गेटहॅश’ची चौकशी आणि तुम्ही काल रात्री लिहिलेल्या फंक्शनची चौकशी एकाच आज्ञेने होते. ती आज्ञा म्हणजे ‘डिस्क्राइब’. एक साधे उदाहरण घेऊ. एसबीसीएलला देवनागरी नावे चालतात, म्हणून फंक्शनचे नाव मराठीतच ठेवतो :

(डीफन सरळ-व्याज (मुद्दल दर वर्षे)
  "मुद्दल, वार्षिक टक्केवारीतील दर आणि वर्षे घेऊन सरळ व्याज देते."
  (/ (* मुद्दल दर वर्षे) 100))

आता (डिस्क्राइब 'सरळ-व्याज) असे विचारा. पहिल्या ओळीत सिंबल, म्हणजे लिस्पमध्ये नोंदलेले नाव, त्याच्या पॅकेजसह, म्हणजे नावांच्या गटासह, येते. त्यानंतर हे नाव एका कंपाइल केलेल्या फंक्शनचे आहे असे सांगून त्याखाली आर्ग्युमेंटांची यादी येते : मुद्दल, दर, वर्षे. तुम्हाला हवा असलेला क्रम तो हाच. त्याच्या खालची ओळ घाईत सुटते, पण ती नीट वाचण्यासारखी असते. तीत कंपाइलरने स्वतः काढलेला प्रकार दिलेला असतो : तिन्ही आर्ग्युमेंटे ‘टी’ म्हणजे कोणत्याही प्रकारची, आणि परत येणारे मूल्य ‘नंबर’. तुम्ही प्रकाराविषयी चकार शब्द लिहिलेला नसतानाही, भागाकारातून संख्याच बाहेर पडणार हे कंपाइलरने ओळखलेले आहे. एखाद्या फंक्शनने संख्या द्यावी अशी तुमची अपेक्षा असेल आणि या ओळीत ‘नल’ दिसत असेल, तर चूक कोठे आहे ते फंक्शन चालवण्याआधीच कळते. शेवटी अवतरणचिन्हांतील खुलासा, म्हणजे डॉकस्ट्रिंग, येतो आणि फंक्शन फाइलमधून आले असेल तर त्या फाइलचा मार्गही येतो.

नावाआधीचे एकेरी अवतरणचिन्ह विसरू नका. ते नसेल तर लिस्प त्या नावाच्या व्हेरिएबलचे मूल्य शोधू लागते आणि ते न मिळाल्यामुळे तक्रार करून डिबगरमध्ये, म्हणजे चुका शोधण्याच्या साधनात, जाते. अवतरणचिन्हासह विचारले की सिंबलची चौकशी होते. त्याआधी # लावले की त्या नावामागच्या फंक्शन वस्तूची. फरक क्षुल्लक वाटेल, पण कॉमन लिस्पमध्ये एकाच नावाखाली फंक्शन आणि व्हेरिएबल दोन्ही नांदू शकतात. गुणाकाराचे चिन्ह * हे याचे रोजच्या वापरातले उदाहरण आहे. ते गुणाकाराचे फंक्शन आहे, आणि रेपलमध्ये सर्वांत शेवटी मिळालेले उत्तर धरून ठेवणारे व्हेरिएबलही आहे. (डिस्क्राइब '*) विचारल्यावर दोन्ही भूमिका एकाखाली एक दिसतात. एखाद्या फंक्शनने अनोळखी वस्तू परत केली की लगेच (डिस्क्राइब *) किंवा (इन्स्पेक्ट *) म्हणावे, हा जुन्याजाणत्यांचा शिरस्ताही याच व्हेरिएबलवर उभा आहे.

‘इन्स्पेक्ट’ ही ‘डिस्क्राइब’ची संवादी बहीण. एसबीसीएलमध्ये ती वस्तूचे घटक क्रमांक देऊन दाखवते. क्रमांक टंकला की त्या घटकाच्या आत शिरता येते, ‘यू’ने वर येता येते आणि ‘क्यू’ने बाहेर पडता येते. क्लोजर, म्हणजे भोवतालची मूल्ये पकडून ठेवणारे फंक्शन, तपासायचे असेल तर तिचा विशेष उपयोग होतो, कारण पकडलेल्या मूल्यांपर्यंत बाहेरून पोहोचण्याचा दुसरा सोपा रस्ता भाषेत नाही.

फक्त खुलासा हवा असेल तर (डॉक्युमेंटेशन 'मॅपकार 'फंक्शन). येथे दुसरे आर्ग्युमेंट आवश्यक आहे, कारण त्याच नावाच्या व्हेरिएबलचा किंवा प्रकाराचा खुलासा वेगळा असू शकतो. नावच आठवत नसेल तर (अप्रोपॉस "हॅश") म्हणावे. ज्यांच्या नावात तो तुकडा आहे अशी सारी सिंबले समोर येतात. नवशिक्याची येथे पंचाईत होते, कारण एसबीसीएलच्या पोटातली शेकडो अंतर्गत नावेही त्याच यादीत घुसतात. दुसरे आर्ग्युमेंट म्हणून 'सीएल हे पॅकेज द्या, म्हणजे शोध भाषेच्या ९७८ अधिकृत नावांपुरता राहील आणि यादी एका नजरेत मावेल.

राहता राहिला क्रम लक्षात ठेवण्याचा प्रश्न. ईमॅक्स या संपादकात स्लाइम हे लिस्पसाठीचे जोडसाधन बसवलेत तर तो प्रश्नच उरत नाही. उघडा कंस, फंक्शनचे नाव आणि एक स्पेस एवढे टंकताच खालच्या ओळीत आर्ग्युमेंटांची यादी उमटते. ही यादी कोणत्याही साठवलेल्या कोशातून येत नाही, तर चालू लिस्पला त्याच क्षणी विचारून आणली जाते. त्यामुळे तुम्ही ‘सरळ-व्याज’ला चौथे आर्ग्युमेंट जोडून ते पुन्हा कंपाइल केलेत की पुढच्या खेपेला चारही नावे दिसतात.

प्रश्न : मी महाविद्यालयात प्रोग्रॅमिंग शिकवते. एकाच फंक्शनवर ‘डिस्क्राइब’ चालवले असता एसबीसीएल एक सांगते आणि दुसरे इम्प्लिमेंटेशन, म्हणजे भाषा चालवणारी दुसरी प्रणाली, वेगळेच काही दाखवते. विद्यार्थ्यांना कोणते खरे म्हणून सांगावे?
— एक प्राध्यापिका, नागपूर

उत्तर : दोन्ही खरे आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि हा भेद विद्यार्थ्यांच्या मनावर लवकर ठसला तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. ‘डिस्क्राइब’ सांगते ते तुमच्यासमोर चालू असलेल्या लिस्पविषयी. भाषेच्या मानकाने तिचा मजकूर कसा असावा हे मुद्दामच ठरवून दिलेले नाही. इतकेच काय, जागा वाचवण्यासाठी किंवा अन्य कारणाने डॉकस्ट्रिंगा केव्हाही टाकून देण्याची मुभाही इम्प्लिमेंटेशनला आहे. भाषेत कशावर विसंबता येते हे मात्र मानकच सांगते. हे मानक अमेरिकेच्या एएनएसआय या संस्थेने १९९४ मध्ये स्वीकारले. केंट पिटमन यांनी हार्लेक्विन कंपनीत असताना त्याच्या मजकुरावरून दुव्यांनी जोडलेली आवृत्ती तयार केली, ती १९९६ पासून ‘हायपरस्पेक’ या नावाने ओळखली जाते आणि आता लिस्पवर्क्सच्या संकेतस्थळावर आहे. कायदेशीर अर्थाने ती मानक नव्हे, पण जगभरचे लिस्पकार रोज उघडतात ती हीच.

दोन्हींमधले अंतर वर्गात दाखवायचे असेल तर ‘सॉर्ट’ घ्या. एसबीसीएलमधील त्याची डॉकस्ट्रिंग एवढेच सांगते की हे फंक्शन दिलेल्या मालिकेची मोडतोड करून तिला क्रमाने लावते. विद्यार्थी त्याचा अर्थ असा घेतो की मूळ यादीच आता क्रमाने लागलेली असेल. फळ्यावर हे लिहा :

(डीफव्हार *गुण* (लिस्ट 3 1 2))
(सॉर्ट *गुण* #'<)

दुसऱ्या ओळीचे उत्तर (1 2 3) असे येते आणि वर्ग समाधानाने मान डोलावतो. आता नुसते *गुण* टंकून पाहायला सांगा. एसबीसीएलमध्ये उत्तर येते (3). बाकीचे दोन आकडे हरवलेले नाहीत. व्हेरिएबल अजून ज्या कप्प्याकडे बोट दाखवते तो तीनाचा कप्पा क्रम लावताना शेवटी गेला, आणि शेवटापासून पुढे काहीच नसल्यामुळे एकट्या तीनाची यादी दिसते. हायपरस्पेकमधील ‘सॉर्ट’चे पान उघडले की तेथे परत येणारी मालिका मूळ वस्तूच असेल किंवा नसेलही, असे स्पष्ट म्हटलेले आढळते. म्हणजे उत्तर पुन्हा व्हेरिएबलमध्ये ठेवणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी. डॉकस्ट्रिंगमध्ये खोटे काहीच नव्हते. ती एका वाक्यात जेवढे मावते तेवढे सांगून थांबली होती.

याच उदाहरणात आणखी एक खाच आहे. वर मी मुद्दाम (लिस्ट 3 1 2) लिहिले आहे, '(3 1 2) असे लिहिलेले नाही. अवतरणचिन्हाने दिलेली यादी हा प्रोग्रॅमच्या मजकुराचाच भाग असतो, आणि अशा स्थिर मजकुरात फेरफार केल्यास काय होईल याची मानक कोणतीही हमी देत नाही. अनेक पाठ्यटिपणांत ही चूक बिनदिक्कत छापलेली दिसते, कारण बहुतेक वेळा ती निभावून जाते.

हायपरस्पेकचे पान कसे वाचावे हेही शिकवावे लागते. आर्ग्युमेंटे, परत येणारी मूल्ये, वर्णन आणि उदाहरणे यांकडे विद्यार्थी आपण होऊन वळतात. अपवादात्मक परिस्थितीविषयीचा भाग आणि शेवटच्या टिपा मात्र कोणी वाचत नाही, आणि खरा करार तेथेच असतो. त्या भागातील क्रियापदे तोलूनमापून वापरलेली आहेत. ‘चूक कळवली जाते’ असे म्हटले असेल तर ती कोणत्याही परिस्थितीत कळवली जाते. ‘कळवली जावी’ असे असेल तर फक्त सर्वोच्च सुरक्षितता-पातळीवर कंपाइल केलेल्या प्रोग्रॅममध्ये ती हमी आहे. ‘परिणाम अनिश्चित’ असे असेल तर काहीही घडू शकते आणि तक्रार करायला जागा नाही. यादीतला पहिला घटक देणाऱ्या ‘कार’ या अगदी मूळच्या फंक्शनला यादीऐवजी पाच हा आकडा दिला तर प्रकाराची चूक कळवली जावी, असे मानक म्हणते. रेपलमध्ये ती कळवलीही जाते. वेगासाठी सुरक्षितता शून्यावर आणून कंपाइल केलेल्या फंक्शनमध्ये मात्र तो पाचाचा आकडा स्मृतीतला पत्ता समजून वाचला गेला, तरी इम्प्लिमेंटेशनने मानक मोडले असे म्हणता येणार नाही.

माझे मत विचाराल तर वर्गात क्रम असा ठेवावा : फंक्शन कसे बोलवायचे ते ‘डिस्क्राइब’ला विचारावे, आणि त्यावर इमारत उभी करण्याआधी हायपरस्पेकचे पान एकदा शेवटपर्यंत वाचावे. उलट क्रमाने गेलेले विद्यार्थी मानकाच्या भाषेला घाबरून भाषाच सोडतात.

प्रश्न : मी फंक्शनमध्ये डॉकस्ट्रिंग लिहिली, तरी ‘डॉक्युमेंटेशन’ विचारल्यावर ‘निल’, म्हणजे काहीच नाही, असे उत्तर येते. डॉकस्ट्रिंग मराठीत लिहिल्यामुळे असे होते का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मराठीचा यात दोष नाही. तुमच्या पत्रातले फंक्शन पुढीलप्रमाणे आहे : (डीफन स्वागत () "नमस्कार"). यात आर्ग्युमेंटांनंतर एकच स्ट्रिंग आहे आणि तिच्यापुढे काहीच नाही. अशा वेळी ती स्ट्रिंग खुलासा मानली जात नाही. तीच फंक्शनचे उत्तर ठरते. खुलासा म्हणून मोजली जायची असेल तर तिच्यानंतर फंक्शनचा गाभा असायला हवा. (डीफन स्वागत () "अभिवादन परत करते." "नमस्कार") असे लिहिलेत की पहिली स्ट्रिंग खुलासा होईल आणि दुसरी उत्तर.

‘निल’ येण्याचे दुसरे नेहमीचे कारण म्हणजे फंक्शनऐवजी 'व्हेरिएबल असे दुसरे आर्ग्युमेंट देणे. देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा भलतीच अक्षरे दिसली तर मात्र फाइलच्या एन्कोडिंगकडे पाहावे : फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवावी, आणि एसबीसीएलची आवृत्ती जुनी असेल तर ती ज्या टर्मिनलमधून सुरू करता तेथील लोकेलही यूटीएफ-८ चे असल्याची खात्री करावी. मराठीत डॉकस्ट्रिंग लिहावी का, याचे उत्तर ती कोण वाचणार यावर अवलंबून आहे. शाळेच्या हिशेबाचा प्रोग्रॅम असेल तर जरूर लिहावी. पहिले वाक्य मात्र स्वयंपूर्ण असावे, कारण शोधाच्या याद्यांमध्ये बहुधा तेवढेच दिसते.

प्रश्न : आमच्या कंपनीत पूर्वीच्या मंडळींनी लिहिलेला कॉमन लिस्पचा मोठा प्रकल्प माझ्याकडे आला आहे. डॉकस्ट्रिंगा जवळजवळ नाहीतच. ‘फंक्शन-लॅम्डा-एक्स्प्रेशन’ वापरून मूळ मजकूर काढून पाहिला, तर बऱ्याच ठिकाणी ‘निल’ मिळाले. फंक्शनच्या आत काय आहे आणि त्याला कोण बोलावते, हे कसे शोधावे?
— एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे

उत्तर : ‘फंक्शन-लॅम्डा-एक्स्प्रेशन’च्या नादी लागू नका. ते तीन मूल्ये परत करते, आणि त्यांतले पहिले, म्हणजे मूळ मजकूर, हे कधीही ‘निल’ देण्याची मुभा मानकाने दिलेली आहे. कंपाइल झाल्यावर मजकूर जपून ठेवण्याचे बंधन कोणावरच नाही. मजकूर फाइलमध्ये आहे. तो तेथूनच मिळवावा.

स्लाइममध्ये फंक्शनच्या नावावर कर्सर ठेवून मेटा (बहुतेक कळफलकांवर ऑल्ट) आणि बिंदू दाबा, म्हणजे त्याच्या व्याख्येवर पोहोचाल. मेटा आणि स्वल्पविराम दाबले की निघालात तेथे परत याल. जेनेरिक फंक्शन, म्हणजे आर्ग्युमेंटांच्या प्रकारानुसार वेगळी व्याख्या निवडणारे फंक्शन, असेल तर त्याच्या साऱ्या मेथडांची, म्हणजे त्या व्याख्यांची, यादी पुढे येते. ही उडी नावाच्या मजकूर-शोधावर चालत नाही. प्रकल्प कंपाइल होताना नोंदवलेल्या जागेवर चालते. म्हणून दुसऱ्याचा प्रकल्प हाती आला की पहिली गोष्ट म्हणजे तो आपल्या यंत्रावर मुळापासून कंपाइल करून घेणे. तयार बायनरी लोड करून काम भागवलेत तर मेटा-बिंदू तुम्हाला मूळ लेखकाच्या यंत्रावरच्या, आता अस्तित्वात नसलेल्या मार्गाकडे पाठवेल. एसबीसीएलच्या मूळ फाइलींचाही पत्ता लिस्पला सांगून ठेवा. ‘मॅपकार’वर मेटा-बिंदू दाबून भाषेच्याच पोटात शिरता येते, कारण एसबीसीएलचा फार मोठा भाग लिस्पमध्येच लिहिलेला आहे. या सोयीचे मोल रोज वापरल्याशिवाय कळत नाही.

कोण बोलावते हे शोधण्यासाठी कंट्रोल-सी, कंट्रोल-डब्ल्यू आणि मग सी. ही यादीही कंपाइलरने केलेल्या नोंदींवरून येते, म्हणून तिच्या मर्यादा ओळखून असावे. प्रोग्रॅम चालू असताना नाव जुळवून ‘फनकॉल’ने बोलावलेले फंक्शन या यादीत सापडणार नाही. यादी रिकामी आली म्हणून फंक्शन निरुपयोगी ठरवून पुसून टाकण्याआधी साऱ्या फाइलींत नावाचा साधा मजकूर-शोधही घ्यावा. कोण कोणाला बोलावते याची लिस्पमधली चौकशी जुनी आहे. इंटरलिस्प या जुन्या लिस्प बोलीत मास्टरस्कोप नावाचे साधन होते, आणि त्याला इंग्रजी वाक्यासारख्या आज्ञांनी असेच प्रश्न विचारता येत.

नोंदींपेक्षा प्रत्यक्ष वर्तन पाहायचे असेल तर ‘ट्रेस’ लावा. (ट्रेस सरळ-व्याज) म्हटल्यानंतर त्या फंक्शनला दर वेळी काय दिले आणि त्याने काय परत केले हे छापले जाते; एकात एक बोलावणी असतील तर ती समासाने उजवीकडे सरकत जातात. काम झाले की ‘अनट्रेस’. येथे एक गोष्ट अनेकांना चकवते. स्वतःलाच बोलावणारे फंक्शन ट्रेस केले आणि फक्त सर्वांत बाहेरचे बोलावणे दिसले, तर ट्रेस बिघडलेला नसतो. फंक्शनने स्वतःच्याच नावाने केलेले बोलावणे हे त्याच व्याख्येकडे जाते असे गृहीत धरून कंपाइलरने मधला रस्ता कापला, तर मानकाला ते मान्य आहे, आणि वेगाला प्राधान्य दिलेल्या फाइलींत असे घडते. त्या नावासाठी ‘नॉटइनलाइन’ असे जाहीर करून पुन्हा कंपाइल केले की सारी बोलावणी दिसू लागतात. इनलाइन केलेल्या फंक्शनांचीही हीच गत : ते जेथे वापरले तेथे विरघळून गेलेले असल्यामुळे ट्रेसला पकडायला काही उरत नाही.

डॉकस्ट्रिंगा नसलेल्या प्रकल्पात मॅक्रो, म्हणजे कंपाइल होण्याआधी दुसऱ्या मजकुरात उलगडणाऱ्या रचना, सर्वांत जास्त छळतात. मॅक्रोची व्याख्या वाचत बसण्यापेक्षा त्याच्या प्रत्यक्ष वापराच्या कंसावर कर्सर ठेवून कंट्रोल-सी, कंट्रोल-एम दाबा. एक पायरी उलगडून दाखवली जाते. पुढची पायरी हवी असेल तर उलगडलेल्या मजकुरात पुन्हा तेच. सारे एकदम उलगडण्याचा मोह टाळावा, कारण मग ‘लूप’सारख्या मोठ्या मॅक्रोंची आतडी बाहेर येतात आणि तुमच्या प्रकल्पातला मॅक्रो त्यांत दिसेनासा होतो.

‘डिसअसेंबल’ शेवटी, आणि वेगाची शंका असेल तरच. (डिसअसेंबल 'सरळ-व्याज) म्हटले की यंत्रभाषेच्या ओळी येतात. त्या साऱ्या समजण्याची गरज नाही; गुणाकार-भागाकारासाठी कोठल्याही संख्येला चालणाऱ्या सामान्य फंक्शनला बोलावले जात आहे का, एवढेच पाहावे. प्रकार जाहीर करूनही ते बोलावणे तसेच राहिले असेल, तर तुमची घोषणा कंपाइलरच्या उपयोगी पडलेली नाही.

प्रश्न : मी प्रोग्रॅमर नाही, पण ईमॅक्समध्ये लिहिते आणि माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये इकडून तिकडून आणलेल्या लिस्पच्या ओळी आहेत. त्या काय करतात ते कसे पाहावे?
— एक अनुवादिका, ठाणे

उत्तर : कंट्रोल-एच आणि एफ दाबून फंक्शनचे नाव द्या, व्हेरिएबल असेल तर कंट्रोल-एच आणि व्ही. दोहोंपैकी काय आहे तेच ठाऊक नसेल तर कंट्रोल-एच आणि ओ. उघडणाऱ्या खिडकीत खुलाशासोबत फाइलचे नाव दुव्याच्या रूपात असते. त्यावर एंटर दाबले की मूळ मजकूर उघडतो. ईमॅक्सच्या गाभ्यातील काही फंक्शने सी भाषेत आहेत, त्यांचा मजकूर पाहायला सी फाइली वेगळ्या आणाव्या लागतात. तुम्हाला अधिक उपयोगी पडेल ती कंट्रोल-एच आणि के ही जोडी : ती दाबून मग कोणतीही कळ दाबा, म्हणजे त्या कळीवर कोणते फंक्शन बसलेले आहे हे कळते. इकडून तिकडून आणलेल्या ओळींनी एखादी कळ बिघडवली असेल तर दोषी तेथेच सापडतो.

प्रश्न : क्लोजर या लिस्प कुळातल्या भाषेत डॉकस्ट्रिंग आर्ग्युमेंटांनंतर लिहिली तर चूक दाखवली जात नाही, पण ‘डॉक’मध्ये ती दिसतही नाही. असे का?
— एक वाचक, बंगळूर

उत्तर : कॉमन लिस्पची सवय असलेल्यांना क्लोजरमध्ये हमखास लागणारी ही ठेच आहे. क्लोजरच्या ‘डीफन’मध्ये डॉकस्ट्रिंग नावानंतर आणि आर्ग्युमेंटांच्या चौकटी कंसाच्या आधी येते. कंसानंतर लिहिलेली स्ट्रिंग ही गाभ्यातले एक वाक्य ठरते. तिचे मूल्य काढून ते टाकून दिले जाते, त्यामुळे चूक कोणालाच कळत नाही. जागा बदला, (डॉक नाव) लगेच दाखवू लागेल. मूळ मजकुरासाठी ‘सोर्स’ आणि साऱ्या डॉकस्ट्रिंगांच्या आत शोध घेण्यासाठी ‘फाइंड-डॉक’ ही साधनेही त्याच ‘क्लोजर डॉट रेपल’ या नेमस्पेसमध्ये आहेत.

प्रश्न : आमच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही. स्लाइममधून हायपरस्पेकचे पान उघडायला जावे तर ब्राउझर नुसताच फिरत राहतो. काही सोय आहे का?
— एक शिक्षक, गडचिरोली

उत्तर : आहे. हायपरस्पेकची पूर्ण प्रत एका दबलेल्या फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. जेथे जोडणी चांगली असेल तेथे एकदा उतरवून पेनड्राइव्हवर आणली तरी चालते. ती आपल्या संगणकावर मोकळी करा आणि ईमॅक्सच्या सेटिंगमध्ये ‘कॉमन-लिस्प-हायपरस्पेक-रूट’ या व्हेरिएबलला त्या फोल्डरचा पत्ता द्या. पत्ता ‘फाइल’ने सुरू होणारा असावा आणि शेवटी तिरकी रेघ असावी, ती रेघ राहिली तर फोल्डरचे नाव आणि पानाचे नाव एकमेकांना चिकटतात आणि पान सापडत नाही. त्यानंतर कंट्रोल-सी, कंट्रोल-डी आणि एच दाबले की पान थेट डिस्कवरून उघडेल. ‘डिस्क्राइब’, ‘अप्रोपॉस’ आणि मेटा-बिंदू यांना तर इंटरनेट मुळातच लागत नाही.